पाणी तेच, शब्दही तेच

व्हॅटिकनचा एक कागद आहे, ५ जून २००१ या तारखेचा. मोबाइलच्या एका स्क्रीनवर सहज मावेल एवढा. त्यात एकच प्रश्न विचारलाय : 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणतं, त्यांच्याकडे झालेला बाप्तिस्मा वैध मानायचा का? उत्तर एका शब्दाचं : नाही. खाली सही कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची. हेच पुढे सोळावे बेनेडिक्ट म्हणून पोप झाले.

'मॉर्मन ख्रिस्ती आहेत का?' हा वाद अमेरिकेत गेली पावणेदोनशे-दोनशे वर्षं चालू आहे. पुस्तकं, प्रवचनं, टीव्हीवरची भांडणं, सगळं झालंय. पण मला हा एवढासा कागद त्या सगळ्यापेक्षा कामाचा वाटतो, कारण तो प्रश्नाला जमिनीवर आणतो. उद्या एखाद्या मॉर्मन माणसाला कॅथलिक व्हायचं असेल, तर त्याच्या डोक्यावर पुन्हा पाणी ओतायचं की नाही? ख्रिस्ती माणसाचा बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. ज्याच्यावर पुन्हा पाणी ओतावं लागत नाही, तो आधीपासून आपला. ज्याच्यावर ओतावं लागतं, तो आत्तापर्यंत बाहेरचा. थिअरी बाजूला ठेवा, पाण्याचं काय ते सांगा!

आता यातली गंमत बघा. मॉर्मन लोक बाप्तिस्मा देताना माणसाला पूर्ण पाण्यात बुडवतात आणि 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' असंच म्हणतात. म्हणजे पाणी तेच, शब्दही तेच. आणि कॅथलिक चर्च या बाबतीत भलतंच उदार आहे. लुथरन, मेथडिस्ट, ऑर्थोडॉक्स यांचा बाप्तिस्मा त्यांना चालतो. एवढंच कशाला, जन्मलेलं बाळ दगावतंय, धर्मगुरू जवळ नाही, अशा वेळी एखाद्या हिंदू नर्सने बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून ते शब्द उच्चारले आणि 'चर्च जे करतं ते मी करतेय' एवढा तिचा हेतू असला, तर तोही बाप्तिस्मा पक्का. हिंदू नर्सचा चालतो आणि येशूचं नाव संस्थेच्या पाटीवर लावणाऱ्या मॉर्मनाचा चालत नाही! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हा सरळसरळ कोतेपणा वाटला होता. पण त्या 'नाही'मागे एक फार जुनं भांडण आहे.

तिसऱ्या शतकात, साधारण २५५-२५६ च्या सुमाराला, कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप स्टीफन यांची याच मुद्द्यावर जुंपली. पाखंडी ठरलेल्या गटांत बाप्तिस्मा घेतलेली माणसं परत आली तर काय करायचं? सिप्रियन म्हणाला, चर्चच्या बाहेर बाप्तिस्माच नाही, तेव्हा पुन्हा द्या. स्टीफन म्हणाला, पाणी एकदा पडलंय, आता फक्त डोक्यावर हात ठेवून आत घ्या. पुढे ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतल्या डोनेटिस्ट लोकांशी वाद घालताना स्टीफनचीच बाजू पक्की केली : देणारा माणूस कसा आहे याने फरक पडत नाही, कारण बाप्तिस्मा त्या माणसाचा नसतोच, ख्रिस्ताचा असतो. दीड हजारहून जास्त वर्षं रोमने हा नियम पाळला. त्यामुळे रोम जेव्हा एखाद्याला 'नाही' म्हणतं, तेव्हा ते 'तुमचे पुरोहित वाईट आहेत' असं म्हणत नसतं. म्हणणं असं की, तुम्ही 'पिता, पुत्र, पवित्र आत्मा' हे शब्द उच्चारता खरे, पण ते ज्याला उद्देशून उच्चारता तो देवच वेगळा आहे. नर्सला देवाबद्दल काही माहीत नाही, म्हणून ती चर्चचा हेतू उसना घेऊ शकते. मॉर्मन एल्डरला पक्कं माहीत आहे, आणि ते वेगळं आहे.

तर ते वेगळं काय आहे?

जोसेफ स्मिथ १८०५ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात जन्मला. घर गरीब, शेतीत सतत खोट, त्यामुळे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा भागात आलं. त्या काळात तिथं धर्मजागृतीची प्रचंड लाट होती. गावोगाव तंबू ठोकून प्रवचनं चालायची. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन एकमेकांची माणसं ओढायचे. याच लाटेतून बोस्टनच्या लोकांनी १८१० मध्ये परदेशात मिशनरी पाठवणारं मंडळ काढलं आणि त्यांची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली. आपल्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. म्हणजे मराठीत छापखाने आणि मुलींच्या शाळा घेऊन आलेले मिशनरी आणि मॉर्मन संदेष्टा ही एकाच पावसाची दोन पिकं आहेत.

या सगळ्या गोंगाटात कोणतं चर्च खरं, असा प्रश्न पोरसवदा जोसेफला पडला. तो रानात जाऊन प्रार्थनेला बसला आणि त्याला दर्शन झालं, असं तो सांगतो. १८३२ मध्ये लिहिलेल्या त्याच्या आठवणीत त्याला 'प्रभू' दिसतो. १८३८ पासून लिहिलेल्या आणि पुढे अधिकृत झालेल्या आवृत्तीत मात्र दोन वेगवेगळ्या व्यक्ती दिसतात : पिता आणि पुत्र. आणि त्याला सांगण्यात येतं की यातल्या कुठल्याही चर्चमध्ये जाऊ नकोस, सगळी चुकली आहेत, त्यांचे मतांगीकार देवाला घृणास्पद आहेत. (मतांगीकार म्हणजे 'मी अमुक मानतो, तमुक मानतो' असं उपासनेत एकत्र म्हणायचं ठरलेलं निवेदन.)

हा तपशील वादाच्या गदारोळात हमखास गळतो. तुम्ही ख्रिस्ती नाही, हे आधी कोण कोणाला म्हणालं? मॉर्मनांच्या शिकवणुकीनुसार प्रेषितांच्या मृत्यूनंतर खरं चर्च आणि त्याचा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला होता, तो थेट जोसेफ स्मिथच्या हातून परत आला. म्हणून कॅथलिक असो की बॅप्टिस्ट, मॉर्मन होणाऱ्या प्रत्येकाला ते पुन्हा पाण्यात उतरवतात. अगदी पोपने ठरवलं तरी त्यालाही पांढरे कपडे घालून हौदात उतरावं लागेल. पाण्याच्या परीक्षेत दोन्ही बाजू एकमेकांना नापास करतात, एवढंच की एका बाजूचं नापास करणं बातमीत येतं.

१८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' छापलं गेलं. सोन्याच्या पत्र्यांवरून आपण ते अनुवादलं, असं स्मिथचं म्हणणं. प्राचीन अमेरिकेत राहणाऱ्या लोकांची ही कहाणी, आणि पुनरुत्थानानंतर येशू त्यांना भेटायला येतो हा तिचा कळस. पुरातत्त्वाला तिचा काही आधार सापडलेला नाही, ते बाजूला ठेवू. इथं मुद्दा वेगळा आहे. लोकांना वाटतं की वादाचं मूळ हे पुस्तक आहे. पण ज्या गोष्टींवरून बाकीचे ख्रिस्ती दचकतात, त्यातल्या बहुतेक या पुस्तकात नाहीतच. अनेक देव नाहीत. बहुपत्नीत्वाची तर त्यात निंदा आहे. येशूबद्दल ते जे बोलतं ते त्या काळच्या कुठल्याही प्रॉटेस्टंट प्रवचनात खपून गेलं असतं.

खरी फारकत पुढे, इलिनॉयमधल्या नावू या मॉर्मन गावात झाली. १८४३ मध्ये स्मिथने शिकवलं की पित्याला माणसासारखंच हाडामांसाचं शरीर आहे. ७ एप्रिल १८४४ ला, खुनाच्या तीन महिने आधी, त्याने एका अंत्यविधीच्या निमित्ताने प्रवचन दिलं. त्यात तो म्हणाला की देव एके काळी आपल्यासारखा माणूस होता, आणि माणसानेही देव व्हायला शिकायचं आहे. शून्यातून सृष्टी निर्माण झाली हेही त्याने नाकारलं. इथं ख्रिस्ती धर्मशास्त्राची मधली भिंतच निघते. तिच्या एका बाजूला निर्माता, दुसऱ्या बाजूला निर्मिती. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघांनी ती भिंत जिवापाड जपलेली आहे. स्मिथच्या विश्वात देव आणि माणूस एकाच जातीचे, एक पुढे गेलेला आणि एक मागून येणारा. आपल्याकडच्या वाचकाला हे फारसं भयंकर वाटणार नाही. नर आणि नारायण यांच्यात आपण तसंही बरंच येणं-जाणं चालू ठेवलेलं आहे. पण बॅप्टिस्ट माणसाला ते ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

पुस्तक की देव, यातलं अडचण कशाची, याचा पुरावाच इतिहासाने ठेवलाय. स्मिथच्या मृत्यूनंतर बहुसंख्य लोक ब्रिगहॅम यंगच्या मागून १८४७ मध्ये युटाला गेले. पण स्मिथची पत्नी एमा गेली नाही. तिच्या मुलाच्या नेतृत्वाखाली १८६० पासून दुसरी शाखा उभी राहिली, जी आज 'कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट' नावाने ओळखली जाते. तोच संदेष्टा, तेच 'बुक ऑफ मॉर्मन'. मात्र त्यांनी बहुपत्नीत्व नाकारलं, नावूची ती शिकवण सोडली आणि त्रैक्य, म्हणजे तीन व्यक्तींतला एकच देव, मान्य केलं. अमेरिकेतल्या मुख्य प्रवाहातल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये त्यांना सदस्य करून घेतलं. युटाचं चर्च अजून बाहेर आहे, आणि आत यायला त्याने हातही वर केलेला नाही.

हे सगळं धर्मशास्त्रज्ञांपुरतं राहिलं असतं तर मी त्यावर लिहायला बसलो नसतो. पण 'हे आपले नाहीत' या वाक्याने तिथं माणसं मेलेली आहेत. २७ ऑक्टोबर १८३८ ला मिसूरीचा गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजून राज्यातून हाकला किंवा नेस्तनाबूत करा. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला होऊन १७ मॉर्मन मारले गेले. त्यात लोहारशाळेत लपलेला दहा वर्षांचा एक मुलगा होता. तो हुकूम अधिकृतपणे मागे घेतला गेला १९७६ मध्ये! स्मिथलाही २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या. यामागे केवळ धर्म नव्हता. जमिनी, एकगठ्ठा मतदान, गुलामगिरीवरून असलेला संशय, बहुपत्नीत्वाच्या कुजबुजी, सगळं होतं. आणि मॉर्मन नेहमीच मार खाणारे होते असंही नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये युटातल्या माउंटन मेडोजमध्ये मॉर्मन मिलिशियाने कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांना, शरण आल्यावर, ठार केलं होतं.

मग कायद्याची पाळी आली. ब्रिगहॅम यंगचा सचिव जॉर्ज रेनल्ड्स याने दुसरं लग्न केलं आणि ते आपलं धार्मिक कर्तव्य आहे असा बचाव केला. १८७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. निकालात म्हटलं होतं की श्रद्धा काहीही ठेवा, कृतीवर कायदा चालणार. तिथं दिलेलं उदाहरण ओळखीचं आहे : नवऱ्याच्या चितेवर जळणं हे आपलं कर्तव्य आहे असं एखादी स्त्री मानत असेल, तर सरकारने तिला अडवू नये का? त्याच निकालात असंही लिहिलंय की बहुपत्नीत्व ही मॉर्मन येईपर्यंत जवळपास फक्त आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची चाल होती. व्हरमाँटमध्ये जन्मलेल्या गोऱ्या माणसांना ख्रिस्ती धर्माबाहेर काढायचं तर त्यांना आधी आशियाई करून टाकावं लागलं! स्मिथला 'अमेरिकेचा मुहम्मद' म्हणण्याची फॅशन होतीच. १८९० मध्ये चर्चने बहुपत्नीत्व थांबवल्याचं जाहीर केलं, १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला, तरी १९०३ मध्ये निवडून गेलेल्या रीड स्मूट या मॉर्मन सिनेटरची जागा पक्की व्हायला १९०७ उजाडलं. त्याच्या चौकशीचं दफ्तर तीन हजारहून जास्त पानांचं आहे.

मॉर्मनांची बाजू काय? ते म्हणतात, ज्या कसोटीवर तुम्ही आम्हाला नापास करता ती बायबलमध्ये दाखवा. आणि इथं ते अगदीच चूक नाहीत. 'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाही. ती मांडणी ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत आणि नंतरच्या काही परिषदांत ठरत गेली. नायसियाची परिषद बोलावणारा सम्राट कॉन्स्टंटाइन तेव्हा स्वतः बाप्तिस्माही घेतलेला नव्हता. तो त्याने ३३७ मध्ये मृत्यूशय्येवर घेतला, तोही परिषदेत हरलेल्या एरियसच्या बाजूच्या बिशपकडून. पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही, असं मानणाऱ्या एरियन गॉथ लोकांना इतिहासकार बिनदिक्कत ख्रिस्ती म्हणतात. आयझॅक न्यूटन त्रैक्य मानत नव्हता, गुपचूप पानंच्या पानं त्याविरुद्ध लिहीत होता, आणि तो वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलेला आहे.

आपल्याच घरातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दोनच वर्षांत सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांची पत्रापत्री झाली. रमाबाई त्यात परोपरीने सांगतात की बायबलमध्ये जे आहे ते मी मानेन, पण त्रैक्याचा मतांगीकार माझ्या गळी उतरवू नका. अँग्लिकन सिस्टर हवालदिल झाल्या. या बाईला ख्रिस्ती म्हणायचं की नाही, असाच तो प्रश्न होता. पुढे रमाबाईंची श्रद्धा बदलत गेली, त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. पण १८८५ ची ती हट्टी, वाद घालणारी रमाबाई ख्रिस्ती नव्हती असं आज मुक्ती मिशनच्या अंगणात उभं राहून कोणी म्हणेल, असं मला वाटत नाही.

तरी एक फरक उरतोच. रमाबाई प्रश्न विचारत होत्या. मॉर्मन चर्चकडे तयार उत्तर आहे, आणि ते एका नव्या संदेष्ट्याकडून आलेलं आहे.

अलीकडच्या काळात हा वाद राजकारणाने भलत्याच पद्धतीने मिटवला. मिट रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा डिसेंबर २००७ मध्ये त्यांना टेक्सासमध्ये खास भाषण करून सांगावं लागलं की येशू देवाचा पुत्र आहे असं मी मानतो. ऑक्टोबर २०११ मध्ये डॅलसच्या एका मोठ्या बॅप्टिस्ट चर्चच्या पास्टरने पत्रकारांसमोर मॉर्मन धर्माला 'कल्ट' म्हटलं. वर्षभरात रॉम्नी रिपब्लिकन उमेदवार झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते म्हाताऱ्या बिली ग्रॅहम यांना भेटले, आणि ग्रॅहम यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर कल्टच्या यादीत असलेला मॉर्मन धर्माचा उल्लेख काही दिवसांत गायब झाला. नोव्हेंबरमध्ये जवळपास ८० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांनी रॉम्नींना मत दिलं. मला या प्रकरणात सगळ्यांत प्रामाणिक वाटतो तो रॅट्झिंगरांचा कागद. तो निदान निवडणुकीच्या तोंडावर बदलला नाही. युनायटेड मेथडिस्टांनीही २०००मध्ये असाच निर्णय घेतला होता : मॉर्मन कुटुंबातून येणाऱ्याला बाप्तिस्मा द्यावा.

मॉर्मन चर्च स्वतःही सरकत आलंय. १९८२ पासून 'बुक ऑफ मॉर्मन'च्या मुखपृष्ठावर 'येशू ख्रिस्ताचा आणखी एक करार' अशा अर्थाचं उपशीर्षक आहे. १९९५ मध्ये लोगोतलं येशूचं नाव मोठं झालं. २०१० मध्ये 'मी मॉर्मन आहे' अशी झगमगीत जाहिरात मोहीम, आणि २०१८ मध्ये नवे अध्यक्ष रसेल नेल्सन यांचा आदेश की 'मॉर्मन' हा शब्दच वापरू नका, पूर्ण नाव घ्या. चर्चच्या मोजणीनुसार सदस्यसंख्या आता १ कोटी ७० लाखांच्या वर आहे. १८५० च्या दशकात त्यांचे प्रचारक मुंबई-पुण्यालाही येऊन गेले होते, फार काही हाती लागलं नाही. आता बेंगळुरूत त्यांचं भारतातलं पहिलं मंदिर होतंय.

माझं मत विचाराल तर ते दोन भागांत आहे. इतिहास लिहिताना मी त्यांना ख्रिस्तीच म्हणेन. येशूशिवाय त्यांचं एक पानही पुढे सरकत नाही, आणि ते कुठल्या मातीतून उगवले हे उघड आहे. दुसरीकडे, कॅथलिक किंवा मेथडिस्ट चर्चने त्यांचा बाप्तिस्मा नाकारला तर मला त्यात अन्याय दिसत नाही. आपल्या दाराचा उंबरठा कुठे, हे ठरवायचा हक्क घरवाल्यांना आहे, तो मॉर्मनही पुरेपूर वापरतात. खटकतं ते हा घरातला नियम उचलून कोर्टात, मतपेटीत, लग्नाच्या बोलणीत टेकवणं. अर्थात लग्नात तो टेकतोच. समजा वसईच्या एका कॅथलिक मुलीला युटाचा मॉर्मन मुलगा आवडला. चर्चच्या कायद्यात तिला जी परवानगी काढावी लागेल ती मेथडिस्ट नवऱ्यासाठी लागणारी साधी परवानगी नाही. शेजारच्या गल्लीतल्या हिंदू मुलासाठी लागते तीच. तिच्या आजीला, ज्या मुलाच्या तोंडी उठता-बसता येशूचं नाव आहे तो 'बाप्तिस्मा न झालेला' कसा, हे समजावणं सोपं जाणार नाही.

९ मार्च २०१९ ला रसेल नेल्सन व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटले. मॉर्मन अध्यक्ष आणि पोप यांची ही पहिलीच भेट. दुसऱ्या दिवशी रोममधल्या नव्या मॉर्मन मंदिराचं उद्घाटन होतं. दोघांनी मिठी मारली. नेल्सन यांनी भेट म्हणून येशूची एक छोटी मूर्ती दिली. मूळ मूर्ती डेन्मार्कच्या थोरवाल्डसेन या शिल्पकाराची, ती कोपनहेगनच्या लुथरन कॅथीड्रलमध्ये उभी आहे. पोपनी ती हसत घेतली. २००१ चं ते एका शब्दाचं उत्तर अजून लागू आहे.